अकरा रिव्हेट

४ फेब्रुवारी

बोक्या,

एका हाताने लिहितेय. दुसऱ्या हातात पाण्याचा पाइप आहे, आणि पाइपाचं तोंड मामाच्या बोटीत. दुकानामागच्या अंगणात दोन लाकडी घोड्यांवर बोट चढवली आहे. अंगणात बोट, आणि बाहेर पाटी शिलाई मशीन दुरुस्तीची, म्हणून गिऱ्हाईक आत डोकावतं आणि न बोलता परत जातं.

गळती शोधायची ही पद्धत मोटरमिस्त्रीने सांगितली. बोट पाण्यात ठेवायची नाही, पाणी बोटीत ठेवायचं. मग खाली पाठीवर झोपायचं. पत्रे जोडणारा जो रिव्हेट टपकेल त्याला खडूने गोल करायचा. माझ्याकडे शिवणकामाचा खडू भरपूर आहे.

हे सगळं कशासाठी, तर धक्का समितीचं पत्र आलंय. मालक वारल्यावर वर्षाच्या आत नव्या मालकांनी स्वतः बोटीत बसून, मोटर चालवून, पाण्यातल्या लाल पिंपाला वळसा घालून परत यायचं. नाहीतर धक्क्यावरची जागा रद्द आणि बोट भंगारात. तुझ्या वडिलांनी कागदावर 'बोट दोघांची' असं लिहून ठेवलंय. दोघं म्हणजे मुलगा आणि भाची. म्हणजे तुला यावं लागेल. १५ एप्रिल, शनिवार, सकाळी दहा.

फोनवर तू 'पेशंट आहे' म्हणून ठेवून देतोस, म्हणून पत्र.

बोटीची अवस्था: तळाला सात पोचे. मागची फळी, जिच्यावर मोटर अडकवतात, ती चिमटीत कुस्करली. मोटरीत जुन्या पेट्रोलचा डिंक झालाय. आसनाखाली उंदराचं घर होतं, त्यात तुझ्या दवाखान्याचं कार्ड, अर्धं खाल्लेलं. तुझं नाव खाल्लंय, पदव्या सोडल्यात.

पाणी काठापर्यंत आलं. पाइप बंद करते.

ताई

*

१० फेब्रुवारी

ताई,

पाकिटावर 'बोका' लिहू नकोस. टपाल नर्स उघडते. काल एका पेशंटच्या तोंडात माझे दोन्ही हात असताना तिने दारातून विचारलं, 'सर, तुम्हीच का बोका?' पेशंट हसला आणि मला चावला.

मी येणार नाही.

अण्णा दर रविवारी सहाला निघायचे. मी दारात बूट घालून उभा असायचो. ते म्हणायचे, 'बोट गळते. एकालाच पेलते.' दहाव्या वर्षी ऐकलं, सोळाव्या वर्षी ऐकलं. मग बूट घालणं सोडलं. दोन वर्षांपूर्वी, एकोणपन्नासचा असताना, फोनवर सहज म्हटलं, रविवारी तिकडे आहे, येऊ का बोटीत? म्हणाले, 'अजून गळते रे.' इतकी वर्षं दाढसुद्धा दुखत नाही. पडून जाते.

चाळीस वर्षं ज्या बोटीत मला घेतलं नाही, तिच्यात आता परीक्षेसाठी बसणार नाही. भंगारात जाऊ दे. सही लागली तर पाठवतो.

सोबत पुडकं आहे. दात टोचून बघायच्या चार बारीक सुया, म्हणजे प्रोब, आणि तोंडात घालायचा छोटा आरसा. कार्बोरेटरची भोकं साफ करायला बरे पडतील. मी मदत करतोय असा अर्थ काढू नकोस. फेकायचेच होते.

किती रिव्हेट गळतात?

मी

*

१९ फेब्रुवारी

बोक्या,

अकरा.

चित्र काढून पाठवतेय. फुल्या आहेत तिथे गळतं. तू समजतोस तसंच आहे, गळकी बोट, एकालाच पेलणारी. मामा खरं बोलत होता. तो विषय संपला.

प्रोब कामाला आले. कार्बोरेटर उघडून सगळे भाग ताटलीत मांडले. आत मधासारखं चिकट. सगळ्यात बारीक भोक तुझ्या तिसऱ्या नंबरच्या प्रोबने मोकळं झालं. आरसा आधी स्वतःच्या तोंडात घातला, राहवलं नाही. डावीकडे मागे काळं दिसतं. मग मोटरीत घातला. तिथे परिस्थिती बरी आहे.

मिस्त्री म्हणतो, मोटर फार चाललेली नाही, पंख्यावर अजून कारखान्यातला रंग आहे. मामाने जपली असेल.

मागच्या फळीसाठी जुनी फळी नमुना म्हणून धरायची होती. ती उचलताच तिचे तीन तुकडे झाले. तुकडे जमिनीवर जुळवून कागद कापला. शेवटी हेच करत जन्म गेला, ब्लाउज काय नि बोट काय.

सही पाठवू नकोस. ये.

ताई

*

२७ फेब्रुवारी

ताई,

चित्र पाहिलं. फुल्या सुबक आहेत. पण अकरापैकी चार फुल्या बोटीच्या अगदी वरच्या काठाजवळ आहेत. तिथून पाणी आत यायला बोट आधी बुडावी लागेल.

आणि अकरा. तू शाळा बुडवलीस तेव्हा आत्याला सांगितलंस की वाटेत अकरा कुत्री आडवी आली. बरण्या फोडल्यास तेव्हा अकरा मांजरी होत्या. खोटं बोलताना तुला आकडा लागतो आणि तुझ्याकडे एकच आकडा आहे.

खरं असेल तर फोटो पाठव. गळतानाचा. मी तिथे येणार नाही, पण ज्या गळतीने मला घरी बसवलं, ती एकदा डोळ्यांनी बघायची आहे. एवढं मागायचा मला हक्क आहे.

मी

*

१२ मार्च

बोक्या,

घे फोटो. नीट बघ. अकरा ठिकाणांहून धार लागली आहे. वरच्या काठाचं माझं चित्र चुकलं होतं, मी शिलाई मशीनवाली आहे, बोटीची चित्रं काढत नाही. अंगणात गुडघाभर चिखल झालाय आणि त्यात शेजारणीची चप्पल गेली.

पोचे काढले. आतून वाळूची पिशवी धरायची, बाहेरून रबरी हातोडा. दोन पोचे निघाले नाहीत, उलट शेजारी तिसरा पडला. नवी फळी बसवली. मोटरीच्या पंपातलं रबरी चाक वाळून बिस्कीट झालं होतं, ते बदललं. मोटर अंगणातल्या पाण्याच्या पिंपात बुडवून बसवली आणि दोरी ओढली. बाविसाव्या ओढीला चालू झाली. वाळत घातलेल्या चादरी काळ्या झाल्या. त्याही शेजारणीच्याच. हल्ली ती माझ्याशी बोलत नाही, म्हणून कॅमेरा दुसरीकडून आणावा लागला.

आता तरी तारीख लिहून ठेव.

ताई

*

१७ मार्च

ताई,

फोटो भिंगाखाली धरून बसलो होतो. मागून मुलगी गेली. ती बावीस वर्षांची आहे आणि माझ्या हातात काय आहे हे तिने पाहिल्याला दोनेक वर्षं झाली असतील. ती थांबली.

'बाबा, हे ड्रिलने केलंय.'

'कशावरून?'

'कडा चमकतायत. आणि खाली चिखलात बघा, धातूचा कीस पडलाय.'

आणि गेली. स्वयंपाकघरातून ओरडली, 'कुणी केलंय पण? हात थरथरतोय त्याचा.'

पंचवीस वर्षं मी लोकांच्या तोंडात भोकं पाडतोय. जुनं भोक काळं असतं, कडा खाल्लेल्या असतात. हे मला तिच्याआधी दिसायला हवं होतं.

ताई, काय केलंस?

मी

*

२१ मार्च

बोक्या,

बोट गळत नाही. गळत नव्हती.

पहिल्या दिवशी काठोकाठ भरली. तीन दिवस तशीच ठेवली. मी खाली चटई टाकून पडून राहिले, हातात खडू. एक थेंब नाही. तिसऱ्या दिवशी एक कावळा आंघोळ करून गेला. त्याने उडवलं तेवढंच पाणी बाहेर आलं.

मग तुझं पत्र आलं. दारात बूट घालून उभा असलेला मुलगा मला आठवतो रे, मी समोरच्या खिडकीत असायचे. त्याला काय लिहू की बोट धडधाकट आहे? अकरा लिहिलं. मग तू फोटो मागितलास. मग मी मिस्त्रीकडून ड्रिल आणलं. पडदा लावायचाय असं सांगितलं. मोजून अकरा चांगल्या रिव्हेटांची डोकी उडवली. मामाची माफी मागितली नाही. सुरुवात त्याने केली होती, मी फक्त त्याचं बोलणं खरं केलं.

हात थरथरला हेही खरं. तुझ्या मुलीला सांग, डोळा चांगला आहे.

ताई

*

२४ मार्च

ताई,

हे कुणालाच माहीत नाही, म्हणून लिहितो.

नऊ वर्षांचा असताना मी धक्क्याच्या पायरीवरून पाण्यात पडलो. त्या वर्षी ते मला बोटीत न्यायचे, तुला आठवत असेल. बोटीतून उतरताना पाय घसरला. ते वरच्या पायरीवर होते. माझ्यापासून दोन हातांवर. ते हलले नाहीत. मी बुडून वर आलो, ते उभे. परत बुडून वर आलो, उभे. कुणा परक्या माणसाने वल्हं पुढे केलं आणि मला ओढून काढलं. घरी येताना एवढंच म्हणाले, 'आईला सांगू नकोस.'

त्यांची पॅंट नवी होती. मी स्वतःशी ठरवून टाकलं की पॅंटसाठी उतरले नाहीत. पॅंट हे समजण्यासारखं कारण होतं.

पुढच्या रविवारपासून बोट गळायला लागली. मला वाटायचं, बिचाऱ्यांची बोट नेमकी तेव्हाच बिघडली. आता कळलं की बोटीला काही झालं नव्हतं. मीच नको होतो.

भंगारवाल्याला बोलाव. भोकं त्याला तशीच दे. आणि मला लिहू नकोस.

मी

*

२ एप्रिल

बोक्या,

तू लिहू नकोस म्हणालास. बोका म्हणू नकोस असंही म्हणाला होतास.

धक्क्यावरचा जुना रखवालदार अजून रोज बाकावर येऊन बसतो. चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे, नोकरी संपून जमाना झाला, पण घरी सून आहे. मोटरबद्दल विचारायला म्हणून गेले. मिस्त्रीच्या मते ती वीस तासही चाललेली नाही, आणि घरी तर मामा पलीकडच्या काठाच्या गोष्टी सांगायचा. म्हटलं, 'पलीकडे मासे बरे मिळतात का हो?'

तो इतका हसला की कवळी निसटली. झेलली, पुसली, परत लावली.

'पलीकडे? साहेब दोरीच्या पुढे गेले नाहीत कधी.'

'कसली दोरी?'

'साठ हात लांब. एक टोक बोटीला, एक या खुंटाला. दोरी संपेल तिथवर वल्हवत जायचे आणि गळ टाकून बसायचे. दहा वाजले की मी ओढून घ्यायचो. येताना वल्हवायचेसुद्धा नाहीत. वजनदार माणूस.'

'मोटर होती ना?'

'ती शोभेला.'

'आणि मासे?'

'मीच द्यायचो. त्यांना स्वतःला वर्षाकाठी दोन लागले तर डोक्यावरून पाणी.'

मी विचारलं, दोरी कशाला? तो माझ्याकडे असं बघायला लागला जणू मीच वेडी.

'पोहता कुठे येत होतं त्यांना? मुलगा पडला तेव्हा वल्हं मीच पुढे केलं. पोरगं निघालं बाहेर, खोकलं, ठीक झालं. साहेबांना मात्र दोघांनी धरून खाली बसवावं लागलं. पाय चालेनात. पुढच्या रविवारी दोरी घेऊन आले, एकटेच. म्हणाले, "त्याला आता आणायचा नाही. पुन्हा पडला तर मी पुन्हा उभाच राहीन." मी म्हटलं, "मग तुम्ही तरी कशाला येता, घरी बसा." म्हणाले, "घरी तो विचारतो, का नाही नेत."'

एवढंच तो म्हणाला. मग तंबाखू मागितली. मी माझं मत लिहीत नाही. माझ्या मतात कुत्री-मांजरं येतात.

आता अडचण. भोकं मी पाडली आहेत आणि नवे रिव्हेट एकटीला बसवता येत नाहीत. एकाने आतून जड लोखंड दाबून धरायचं, दुसऱ्याने बाहेरून ठोकायचं. मिस्त्रीला म्हटलं, तो म्हणाला, पडदे लावणाऱ्या बाईबरोबर मी काम करत नाही. शेजारणीला विचारायची सोय राहिलेली नाही.

तेरा तारखेला दुपारी दोनची गाडी आहे. भंगारवाल्याला मी बोलावलेलं नाही.

ताई

*

६ एप्रिल

ताई,

तुझं पत्र नर्सने उघडलं, वाचलं, माझे तेरा आणि चौदाचे पेशंट पुढे ढकलले आणि मग मला दिलं.

काल एका माणसाची दाढ काढताना मला हसू आलं. तो घाबरला. त्याला सांगता येईना की माझे वडील दर रविवारी खुंटाला बांधलेले असायचे.

साठ हात म्हणतेस. अकरा हात म्हणाली असतीस तर आलो नसतो.

या धंद्यात मी पुष्कळ चुकीचे उपचार पाहिले. पण निदान खोटं पडू नये म्हणून निरोगी दातांना भोकं पाडणारी तूच पहिली. लोखंड मी धरतो. तू ठोक, पण बघून ठोक. माझ्या बोटांवर चार माणसं जेवतात, त्यात नर्स आली.

मी अजून रागावलेला आहे. गाडी दोनचीच ना?

बोका

*

१६ एप्रिल, रविवार, संध्याकाळ

ताई,

काल रात्री पोचलो. डाव्या हाताचं मधलं बोट काळंनिळं आहे. तू म्हणालीस की तिसऱ्या रिव्हेटनंतर तुझा हात बसला. तो चौथ्यालाही बसला नव्हता.

काल बोटीत तू पुढे तोंड करून बसली होतीस आणि मोटर माझ्या हातात होती, मागे. म्हणून तुला जे दिसलं नाही ते लिहितो.

पिंपाला तीन फेऱ्या घातल्या त्या मी हौसेने घातल्या नाहीत. मोटरीचा दांडा डावीकडे दाबला की बोट उजवीकडे जाते, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. समितीचा कारकून काठावरून 'एकच पुरे! एकच!' असं ओरडत होता आणि मी त्याला हात हलवत होतो, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. तू टाळ्या वाजवल्यास. धन्यवाद.

आपण बसवलेल्या रिव्हेटांपैकी एक गळत होता. माझ्या पायाशी. परत येईपर्यंत मी त्यावर बुटाची टाच दाबून बसलो. उतरताना लंगडलो ते म्हातारपणामुळे नाही, पाय आखडला होता. कारकुनाने 'गळती: नाही' असं लिहिलं आणि सही केली. ते खोटं आपल्या घराण्याच्या नावावर मांड.

पाण्यातून धक्क्याच्या पायऱ्या पाहिल्या. चारच आहेत. माझ्या डोक्यात वीसएक होत्या. खालच्या पायरीवर रखवालदार उभा होता, हातात वल्हं, आपण निघाल्यापासून परत येईपर्यंत. त्याला कुणी सांगितलं होतं का, तू विचारून घे. मला धीर झाला नाही. वरची पायरी रिकामी होती. मी तिच्याकडे बराच वेळ बघत होतो, म्हणून तिसरी फेरी झाली.

राग गेला की नाही ते अजून तपासलेलं नाही. तुझी दाढ मात्र तपासायला हवी. या महिन्यात ये.

आज सकाळी चहा पिताना मुलीला विचारलं, बोटीत येतेस का.

'कुठली, ती ड्रिलवाली?'

'हो.'

'गळते ना?'

'थोडी.'

'दोघांना पेलते?'

'तिघांना.'

तिने कप खाली ठेवला. 'मला पोहता येत नाही, बाबा.'

मला हे माहीत नव्हतं. मी म्हटलं, असं कसं? ती म्हणाली, कसं म्हणजे, कुणी शिकवलंच नाही.

साडेआठला आम्ही दोघं पोहण्याच्या तलावावर नाव घालायला गेलो. नावं घेण्याची खिडकी बंद होती. सोमवारी नऊला उघडते.

बोका